पाझर

वसुबारसेच्या सकाळी आमच्या घरी एक विधी होतो. तो कोणत्याही पोथीत सांगितलेला नाही, त्याला मंत्र नाही आणि भटजीही लागत नाही. आई न्हाणीतली मोठी बादली पाण्याने भरते, ओसरीवर आणून ठेवायला लावते, आणि बाजारातून आणलेल्या नव्या पणत्या एकेक करून तीत सोडते. पणती पाण्यात शिरली की बारीकसा 'सुर्र' असा आवाज होतो आणि तिच्या अंगातून बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागतात. लहानपणी मी या बादलीपाशी किती तरी वेळ उकिडवा बसून असे. फटाक्यांना अजून अवकाश असे. तोवर ही पाण्यातली फुकटची आतषबाजी मला पुरत असे.

"तहानल्यात बिचाऱ्या," आई म्हणे. "आत्ता पाणी पाजलं नाही तर संध्याकाळी तेल पितील."

मग दुपारी वाती वळायला बसायचे. तिथेही आईचे शास्त्र होते. "फार पीळ देऊ नकोस, वात तेल ओढायची नाही. आणि अशी सैल सोडलीस तर भसाभसा ओढेल, काजळी धरेल." माझ्या वाती नेहमी या दोहोंपैकी एका दोषाच्या असत, आणि त्या तुळशीपाशी न लागता मागल्या दारी लागत.

चाळीस वर्षे मी हे सारे घरगुती बोलणे म्हणून ऐकत आलो. यंदा मात्र त्याचा अर्थ मला नव्याने शिकावा लागला, आणि तो शिकवला नववीतल्या एका पोराच्या कंपासपेटीने.

मी एका तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर दहावी. आमचे वडील तिला अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि त्यांच्या बळावर नोकरी लागली. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्या वाचणारी माणसे आमच्या गावात तीन आहेत, आणि त्यांतले एक माझ्याच घरात राहते.

आषाढातली गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता, वर्गाच्या खिडक्या बंद होत्या, आणि मुले फळ्यावरची सुरई वहीत उतरवीत होती. फेऱ्या मारता मारता मला एकाएकी पिकल्या आंब्याचा वास आला. आषाढात आंबा? आमच्याकडचा शेवटचा आंबा तर केव्हाच संपलेला. मी नाकाच्या सुगाव्याने तिसऱ्या बाकापाशी जाऊन थांबलो. तिथे बसणाऱ्या मुलाचे नाव मी सांगत नाही. वर्गात मातीकामात त्याच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही, एवढी ओळख पुरे. त्याने कंपासपेटी झटकन मिटली. मी ती उघडली. आत रंगीत शाईच्या जाड पेनासारखी एक निळी नळी होती. खरेच सांगतो, आधी मला ते पेनच वाटले. मुलांच्या चेहऱ्यांवरून कळले की ते पेन नव्हे.

ती होती विजेची सिगारेट. मुले तिला 'व्हेप' म्हणतात. तिच्यात पेटते काही नसते. आत गोडसर रस भरलेला असतो, छोटी बॅटरी असते. नळी ओढली की आतली तार तापते, रसाची वाफ होते आणि थंड होताच तिचे पांढुरके धुके होऊन ते छातीत जाते. आपल्या देशात २०१९ साली कायद्याने या वस्तूचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात अशा सर्वांवर बंदी आली. कायदा झाला, पण पुण्याला शिकणाऱ्या आत्तेभावाच्या पिशवीतून ती नळी आमच्या गावी येऊन पोचलीच.

रिवाज असा की अशी वस्तू सापडली की मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायची. मग पालकांना बोलावणे, आणि बहुधा पोराच्या हाती शाळेचा दाखला. तो दिवस शनिवार होता. मी नळी खिशात टाकली आणि स्वतःला सांगितले, सोमवारी बघू. या 'बघू'त त्या पोराविषयीची माया किती आणि माझा भित्रेपणा किती, याचा हिशेब मी अजून मांडलेला नाही.

रविवारी दुपारी पडवीत वर्तमानपत्र पसरून, बॅटरीला धक्का लागणार नाही अशा बेताने, मी ती नळी उघडली. कादंबरीकाराला दुसऱ्याचे पत्र आणि शिक्षकाला जप्त केलेली वस्तू उघडून पाहण्याची खोड असतेच. पत्र्याचे कवच, बॅटरी, रसाने भिजलेला कापसासारखा बोळा. आणि त्या बोळ्याच्या मधोमध, खडूच्या तुकड्याएवढी, पांढरी, पोकळ अशी भाजलेल्या मातीची नळी. तिच्या आतल्या अंगाला तार बसवलेली. चिमट्याने ती उचलून मी उजेडात धरली आणि मला हसू आले. ही तर पणती! आणि हीच वातही. एवढ्या थोरल्या विज्ञानाच्या पोटात आईची ओसरी निघाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तो तुकडा कागदात गुंडाळून आमच्या विज्ञानाच्या बाईंपुढे ठेवला. त्यांनी आधी मला नीट न्याहाळले, मग तुकड्याला.

"सर, पहिल्यांदा या नळ्यांत काचेसारख्या सिलिकाच्या धाग्यांच्या वाती असत," त्या म्हणाल्या. "मग कापूस आला. आता पुष्कळ ठिकाणी ही सच्छिद्र माती घालतात. काम तिघांचं एकच. रस तारेपर्यंत पोचवायचा. वेळेवर आणि बेतानं."

"पण आत पंप तर काही दिसत नाही."

"पंप कशाला? वात तेल ओढते तिथे कुठे पंप असतो?"

मग बाईंनी मला जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. पाणी ज्याला चिकटते त्याच्या बारीक फटींतून ते आपण होऊन वर चढते. एक मिलिमीटर त्रिज्येची काचेची नळी पाण्यात उभी धरली तर तीत पाणी सुमारे दीड सेंटिमीटर चढते. त्रिज्या दहाव्या हिश्शाने घ्या, ते पंधरा सेंटिमीटर चढेल. फट जितकी अरुंद तितकी चढण उंच. हा नियम जेम्स ज्युरिन नावाच्या इंग्रज वैद्याने १७१८ साली मांडला. टीपकागद शाई पितो तो याच न्यायाने, पंचाचे टोक बादलीत राहिले की सारा पंचा भिजतो तोही याच न्यायाने, आणि कोरी पणती तेल पिते तीही याच न्यायाने. आईने पणतीला आधी पाणी पाजले म्हणजे तिची सारी छिद्रे पाण्याने भरून गेली. तेलाला शिरायला जागाच उरली नाही.

"मग छिद्र जितकं बारीक तितकं उत्तम?" मी विचारले.

"तिथंच तर मेख आहे, सर. बारीक फटीत रस उंच चढतो खरा, पण रखडत चढतो. गल्ली अरुंद झाली की रथ अडतो ना, तसं."

या रखडण्याचाही हिशेब शास्त्रज्ञांनी मांडून ठेवला आहे. १९१८ साली लुकास आणि १९२१ साली वॉशबर्न या दोघांनी दाखवले की फटीतून सरकणाऱ्या द्रवाला दुप्पट अंतर जायला चौपट वेळ लागतो. त्यातून या नळीतला रस म्हणजे पाणी नव्हे. त्यात असते प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. साध्या तपमानाला शुद्ध ग्लिसरीन पाण्यापेक्षा हजार पटींहून अधिक दाट असते. असा काकवीसारखा रस मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून न्यायचा, दोन-तीन सेकंदांच्या एका झुरक्यात तारेने जेवढा उडवला तेवढा पुढच्या झुरक्याआधी पुन्हा भरायचा, आणि नळी खिशात आडवी-उभी पडली तरी एक थेंब बाहेर येऊ द्यायचा नाही, अशी ही कसरत. छिद्रे फार बारीक केली तर वात कोरडी पडते. फार मोठी केली तर रस गळतो. फार थोडी केली तर पुरवठा तुटतो. फार केली तर मातीचा तुकडाच भुसभुशीत होऊन मोडतो. म्हणून ही छिद्रे साधारण एका मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापासून काही पटींपर्यंत, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक ठेवतात, आणि तुकड्याचा जवळजवळ निम्मा भाग निव्वळ पोकळी असते. शिवाय ती छिद्रे एकमेकांत उघडणारी हवीत. बंद खोल्यांच्या घरातून माणूस जसा पलीकडे जात नाही, तसा बंद छिद्रांतून रसही जात नाही. आणि जेवढा रस बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला वाटही हवी, नाहीतर रसाच्या टाकीत ओढ पडून सगळेच थांबते. शाईच्या पेनाच्या जिभेतही हीच युक्ती आहे. १८८४ साली वॉटरमन या अमेरिकन गृहस्थाने तिचे पेटंट घेतले तेव्हापासून आपल्या खिशांवरचे पुष्कळसे डाग टळले.

"आणि वात कोरडी पडली तर?"

"कढईतलं तेल करपल्यावर नाकाला झोंबणारा वास येतो ना, तोच. ग्लिसरीन करपलं की ॲक्रोलीन नावाची वाफ होते. सोबत फॉर्माल्डिहाइडसुद्धा. दोन्ही छातीला वाईट."

मला पणतीची अखेर आठवली. तेल आहे तोवर वात जळत नाही. ती नुसती तेल पोचवते आणि जळते ते तेल. तेल सरले की मग वात स्वतः जळू लागते. मायकेल फॅरडेने १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. तीत त्याने मिठाचा एक खांब निळ्या खारट पाण्यात उभा करून, ते पाणी खांबातून कसे वर चढते ते मुलांना दाखवले होते. सणासुदीला मुलांना जमवून वातीची गोष्ट सांगणारा हा शास्त्रज्ञ मला एकदम शेजारचा वाटू लागला.

"पण एवढी सारखी छिद्रं पाडतात तरी कशी?" मी शेवटचे विचारले.

"पाडत नाहीत. मातीच्या पिठात स्टार्चचे नाहीतर प्लास्टिकचे बारीक कण मिसळतात, कधी लाकडाचा भुसाही. साचा काढतात आणि भट्टीत भाजतात. कण जळून जातात, त्यांच्या जागा तेवढ्या मागं राहतात."

हे ऐकले आणि मी खुर्चीतच सरसावून बसलो. हे वाक्य मी आधी ऐकले होते. अगदी याच क्रमाने.

आमच्या गावच्या कुंभारवाड्यात एक म्हातारे कुंभार आहेत. दर वर्षी माघात मी आठवीची मुले त्यांच्याकडे नेतो. गेल्या माघात हाच पोरगा त्यांच्या चाकापाशी असा रमला की बाकीची मुले परत निघाली तरी उठेना. म्हातारे माठाच्या मातीत घोड्याची वाळलेली लीद चुरून घालत होते आणि मुली नाकाला रुमाल लावत होत्या. म्हातारे हसून म्हणाले, "नाक कशापायी धरता? भट्टीत लीद जळून जाती, तिची जागा तेवढी ऱ्हाती. त्या जागंतनं पानी अंगाव येतं, वारं लागतं आन् आतलं पानी गार हुतं." मग माझ्याकडे वळून त्यांनी त्यांच्या धंद्याचा सगळा वेद दोन ओळींत सांगितला: "मास्तर, माठ पाझरला पायजे, गळाया न्हाई पायजे. पाझरंल त्यो माठ, गळंल ते खापार."

तेव्हा मी ते वाक्य पुढच्या कादंबरीत घालायचे म्हणून वहीत टिपून ठेवले होते. चीनमधल्या शेन्‌झेन शहरात जगातल्या बहुतेक विजेच्या सिगारेटी तयार होतात. तिथले इंजिनीअर सूक्ष्मदर्शकाखाली आणि संगणकावर जी बेरीज-वजाबाकी करतात, तिचे उत्तर आमच्या कुंभारवाड्यात लिदीच्या वासात सांगून झाले होते.

या नळीचा इतिहासही मी मग शोधून वाचला. १९६३ साली पेन्सिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या माणसाने तंबाखूविना, धुराविना सिगारेटीचे पेटंट मागितले. १९६५ साली ते त्याला मिळाले, पण ती बाजारात काही आली नाही. पुढे २००३ साली हॉन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने आजच्या नळीची पूर्वज घडवली. तो स्वतः सिगारेटी ओढणारा, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेले. म्हणजे हेतू वाईट नव्हता. विडीचा धूर या वाफेहून घातक, हे पुष्कळ जाणकार मान्य करतात. पण ज्या पोराने आयुष्यात विडी ओढली नाही त्याला या तुलनेचा काय उपयोग? माती बिचारी काय पोचवायचे ते ठरवीत नाही. डायटम नावाच्या सूक्ष्म जलवनस्पतींच्या सांगाड्यांची एक सच्छिद्र माती असते. १८६७ साली आल्फ्रेड नोबेलने तीत नायट्रोग्लिसरीन मुरवून सुरुंगाची दारू केली. तीच माती पाणी गाळायलाही वापरतात. छिद्रे तीच. कोण काय भरतो, एवढाच प्रश्न.

इतके ज्ञान झाल्यावर शिक्षक गप्प कसा बसणार? शाळा सुटल्यावर मी त्या पोराला चित्रकलेच्या खोलीत थांबवून घेतले. फळ्यावर नळीची आकृती काढली, छिद्रे काढली, बाण काढले. मनात असे होते की भाषण ऐकून पोरगा विरघळेल, आणि मुख्याध्यापकांपर्यंत जायचे कामच पडणार नाही.

"वात कोरडी पडली की काय होतं, सांग."

"जळका वास येतो, सर. घसा धरतो." तो खाली बघत म्हणाला. त्याला हे पुस्तकातून कळलेले नव्हते.

"रोज ओढतोस?"

"आधी नुसतं आंब्याचा वास येतो म्हणून ओढली. आता नाही ओढली की डोकं धरतं. अभ्यासात लक्ष लागत नाही."

"कव्हरवर पाच टक्के निकोटीन लिहिलंय, वाचलंस? दर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम. ते काय असतं ठाऊक आहे?"

"हो सर. तंबाखूत असतं तेच."

"ठाऊक असून?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने मान वर केली. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, वर्गात शंका विचारतात तसा त्याने विचारले, "सर, तुमच्या डबीत किती टक्के असतं?"

वाचकहो, आता मला ते सांगणे भाग आहे जे मी या लेखात आतापर्यंत शिताफीने टाळले. माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात बावीस वर्षे एक डबी होती. दोन तोंडांची, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. चारही कादंबऱ्या मी तिच्या आधारावर लिहिल्या. शाळेत मी ती कधी उघडी काढली नाही. पंप-घराच्या मागे जाऊन चिमूट मळायची, गालात धरायची, आणि तास असेल तर फळ्याकडे तोंड करून जास्त वेळ चित्र काढायचे. मला वाटे, कोणाला कळत नाही.

"शेवटच्या तासाला तुमचा हात कापतो, सर," पोरगा म्हणाला. "रेघ वाकडी येते. पोरं म्हणतात, आता सर पंपाकडं जाणार."

आमच्या शाळेच्या फाटकाशी पिवळी पाटी आहे. तिच्यावर 'तंबाखूमुक्त शाळा' अशी अक्षरे आहेत. अक्षरे सुबक आहेत, पाहुणे वाखाणतात. ती मी रंगवली. रंगवताना माझ्या गालात तंबाखू होती.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन जेवलो नाही. बायकोने विचारले, "अहो, बरं नाही का?" मी म्हणालो, "बरा आहे." रात्री डबी टेबलावर काढून ठेवली आणि तिच्या शेजारी पोराची ती निळी नळी. एकीत आंब्याचा वास, दुसरीत चुन्याचा. पुष्कळ वेळ दोन्हींकडे पाहत बसलो. पोराला वाचवायचे म्हणून गप्प बसलो असतो, तर वाचलो असतो मी. आणि पोराला एकट्याला मुख्याध्यापकांपुढे उभे केले असते, तरीही वाचलो असतो मीच.

सकाळी मी दोन्ही वस्तू घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो आणि त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. सारी हकीकत सांगितली.

"ही नळी त्या मुलाची. आणि ही डबी?"

"माझी."

ते पुष्कळ वेळ डबीचे झाकण उघडझाप करीत बसले. मग म्हणाले, "पाटी तुम्हीच रंगवलीत ना?" एवढेच. मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. इतके लागलेले एकही आठवत नाही.

पोराच्या आईला बोलावले. ती बाई पदराने डोळे पुसत बसली होती, आणि शेजारी पोराचे शिक्षकही खाली मान घालून बसले होते, हे दृश्य तिला बहुधा अजून उलगडले नसेल. दाखला दिला गेला नाही. मला लेखी समज मिळाली आणि ती माझ्या नोकरीच्या कागदांत लागली आहे. शिवाय असे ठरले की जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तंबाखू सोडवण्याचे जे केंद्र आहे, तिथे पोराला न्यायचे. आणि नेणार मी. मुख्याध्यापक म्हणाले, "नेणारा आणि जाणारा असा भेद करू नका म्हणजे झालं."

तेव्हापासून आम्ही दोघे दर दुसऱ्या शनिवारी एस.टी.ने जिल्ह्याला जातो. पहिल्या खेपेला दोघांचीही डोकी ठणकत होती. खिडकीच्या जागेवरून आमचे भांडण झाले आणि कंडक्टरला वाटले बाप-लेक आहेत. केंद्रातल्या बाईंनी आम्हां दोघांना एकाच बाकावर बसवले, एकाच सुरात समजावले. तल्लफ येते ती काही मिनिटांची असते. ती टाळता येते. तेवढा वेळ लांबवा, खोल श्वास घ्या, दुसऱ्या कामात हात गुंतवा.

"आणि पाणी प्या," त्या म्हणाल्या. "घोट घोट, सावकाश."

मी एकदम हसलो. बाईंना तो थट्टेचा प्रकार वाटला असावा; त्यांनी भुवया चढवल्या. त्यांना कसे सांगणार की हे औषध मी लहानपणापासून ओसरीवर बादलीपाशी बसून ऐकत आलो आहे? आत्ता पाणी पाजले नाही तर संध्याकाळी तेल पितील.

सगळे सुरळीत झाले असे मी सांगणार नाही. गणपती विसर्जनाच्या रात्री ढोलांच्या गर्दीत कोणीतरी हात पुढे केला आणि मी चिमूट घेतली. पुढच्या शनिवारी एस.टी.त पोराने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "सर, घेतलीत?" मी म्हणालो, "घेतली." तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला आणि म्हणाला, "मी पण. दोनदा." मग आम्ही दोघांनी आपापल्या बाटल्यांतले पाणी प्यालो. रेघ अजून कधी कधी वाकडी येते. ही पाचवी कादंबरी दोन प्रकरणांवर अडून बसली आहे आणि केव्हा पुढे सरकेल ठाऊक नाही.

भाद्रपदात आम्ही शाळेत पणत्या केल्या आणि कुंभारवाड्यातल्या भट्टीत भाजून आणल्या. पोराने आपल्या पणतीच्या मातीत लिदीचा चुरा घातला होता. माठासारखा प्रयोग करून पाहायचा, म्हणाला. शिक्षकांच्या खोलीत वर्तमानपत्रावर ती ठेवली, तेल घातले, वात लावली. ज्योत सुरेख सरळ उभी राहिली. मधल्या सुट्टीपर्यंत मात्र वर्तमानपत्रावर तेलाचे मोठे वर्तुळ उमटले.

"गळतीय, सर," पोरगा हिरमुसला.

"गळत नाही रे, पाझरतीय," मी त्याची समजूत घातली.

"पाझर माठाला पायजे सर, पणतीला कशाला?"

त्याचे बरोबर होते. मी काही बोललो नाही. ती पणती मी घरी आणली आहे आणि आमच्या फडताळात ठेवली आहे. आईने ती हातात घेऊन बोटाने वाजवून पाहिली. "पोराचा हात चांगलाय," ती म्हणाली. "तेल जरा जास्त खाईल. पण खाली बशी ठेवू, आणि आधी चांगलं रात्रभर भिजत घालू."

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा वसुबारस जवळ आलेली असेल. बादली ओसरीवर आणायचे काम माझे आहे, आणि पोरगा येतो म्हणाला आहे. त्याच्या पणतीतून इतरांपेक्षा जास्त बुडबुडे निघतील, अशी त्याची खात्री आहे.